बयताड

आमच्या भागात डोकं फिरलेल्या माणसाला बयताड म्हणतात. शिवी म्हणूनही म्हणतात, लाडानंही म्हणतात. माझ्या धाकट्या भावाला अख्खं गाव बयताड म्हणायचं. घरात म्हणायचे. मीही म्हणायचो. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, तेही दुसरीतच कटलं. म्हणून इथं त्याला नाव देत नाही, भाऊ म्हणतो.

गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं. आज जिल्हा गोंदिया. १ मे १९९९ च्या आधी भंडारा. धानाचा मुलूख. मालगुजारी तलाव, तलावाखाली बांध्या, बांध्यांच्या पलीकडं जंगल. बांध्या दुसऱ्यांच्या, चिखल आमचा. आमच्या मोहल्ल्यात बाया बिड्या वळायच्या आणि उन्हाळा लागला की तेंदूपत्ता तोडायला जायच्या. माय मांडीवर सूप घेऊन बसायची, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. भाऊ तिच्या बाजूला बसून वळलेल्या बिड्या मोजायचा. पंचवीसचा कट्टा. कधी चोवीस नाही, कधी सव्वीस नाही. बोलायला लागला तो सहाव्या वर्षी. माणसाच्या डोळ्यांत बघायचा नाही. लग्नात बँड वाजला की कानावर हात ठेवून थेट तलावाच्या पाळीवर पळायचा. एकदा बापासोबत छोट्या लाईनच्या गाडीत बसला आणि पुढं महिनाभर गोंदिया, सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड हेच म्हणत राहिला. सरळ आणि उलटं. मधली लहानसहान टेसनंही सोडायचा नाही.

शाळेत मास्तरनं त्याला दाराजवळ बसवला, पायताणाच्या बाजूला. मी चौथीत होतो. मास्तर माझ्या देखत म्हणाला, "ह्यांच्या रक्तातच अक्षर नाही, त्यातून हा बयताड." एका वाक्यात दोन शिव्या. पहिली मला कळली, माझं रक्त तापलं. दुसरी मला शिवी वाटलीच नाही. ती मला खरी वाटली.

मित्रांनो, हा लेख त्या दुसऱ्या शिवीबद्दल आहे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. १९६६ साली अमेरिकेतल्या ओकलंड शहरात निघालेल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडं वारं यायला वर्ष-दीड वर्ष लागलं. आम्ही पाचसहा पोरांनी एक जुनं सायक्लोस्टाईल मशीन मिळवलं. स्टेन्सिल मी कापायचो. मशीनचा दांडा फिरवायला भाऊ. तो फिरवायचा तसा दुसरा कुणी फिरवू शकला नाही. एका लयीत, न थकता, आणि तोंडानं कागद मोजत. आम्ही काळ्या माणसांवर लिहायचो. गोऱ्यांनी काळ्या माणसाला माणूस मानलं नाही, असं त्या कागदावर उमटायचं आणि दांडा फिरवणाऱ्याला आम्ही म्हणायचो, "ए बयताड, शाई सांडू नको." नागपूरहून बोलणारा पाहुणा यायचा असला की भावाला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. हे काम माझ्याकडं होतं. सभेत तो मध्येच टेसनं म्हणायला लागला तर समाजाची अब्रू जाईल, असं आम्हाला वाटायचं.

आता जरा मागं जाऊ. काळ्या माणसाच्या कातडीबद्दल आम्ही पुष्कळ वाचलं होतं. त्याच्या डोक्याबद्दल वाचलं नव्हतं.

१८४० साली अमेरिकेत जनगणना झाली. तिच्यात पहिल्यांदाच वेडे आणि मंदबुद्धीचे किती, हे देशभर मोजलं. आकडे आले ते असे: उत्तरेत, जिथं काळे स्वतंत्र होते, तिथं दर १६२ काळ्यांमागं एक वेडा. दक्षिणेत, जिथं ते गुलाम होते, तिथं १५५८ मध्ये एक. मालकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यानं १८४४ साली हे आकडे इंग्रजांच्या वकिलापुढं ठेवले आणि सांगितलं की गुलामी या लोकांना मानवते, स्वातंत्र्य दिलं की यांचं डोकं फिरतं.

आकडे खोटे होते. एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरनं तपासले. कित्येक गावांत काळ्या वेड्यांची संख्या गावातल्या एकूण काळ्या वस्तीपेक्षा जास्त निघाली! वूस्टर गावात १३३ काळे वेडे लिहिले होते, ते तिथल्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळातले गोरे रोगी होते. रकाना चुकला होता. जेम्स मॅक्यून स्मिथ हा काळा डॉक्टर, अमेरिकेत कुणी शिकवेना म्हणून ग्लासगोला जाऊन १८३७ मध्ये डॉक्टर झालेला, त्यानंही हे आकडे फाडून दाखवले. सरकारनं दुरुस्ती केली नाही. जनगणना तशीच राहिली.

पुढं १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या दक्षिणेतल्या डॉक्टरनं गुलामांसाठी एक नवा रोगच काढला. ड्रेपटोमेनिया. लक्षण एकच: गुलाम पळून जातो. पळावंसं वाटणं हा मेंदूचा रोग! उपाय? लेकरासारखं धाकात ठेवा आणि चिन्हं दिसली की चाबूक.

हे वाचलं तेव्हा मला बाप आठवला. १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. तेव्हा गावचा पाटील चावडीवर म्हणाला होता, "महारं येडी झाली." बाप ही गोष्ट हसत सांगायचा. कार्टराइटचं नाव पाटलानं ऐकलं नसेल. मालक इथला असो नाहीतर तिथला, कामाला नाही म्हणणाऱ्याचं डोकं तो आधी तपासतो. आणि ही विद्या जुनी झाली असं समजू नका. १९६८ साली दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी काळ्यांच्या चळवळीतल्या माणसांसाठी निषेधाचं वेड असा रोग लिहिला. १९७४ साली वेडाच्या एका औषधाच्या जाहिरातीत मूठ आवळलेला काळा माणूस छापला. जोनाथन मेट्झल या डॉक्टरनं मिशिगनमधल्या आयोनियाच्या इस्पितळाचे जुने कागद उपसून यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

इथपर्यंत आमच्यासारख्या कार्यकर्त्याला सोपं जातं. शहाण्याला वेडा ठरवलं, त्याचा निषेध! पण जो खरोखरच वेगळ्या डोक्याचा आहे, त्याचं काय? काळा आहे आणि बोलतही नाही, किंवा दलित आहे आणि अक्षरं त्याच्या डोळ्यापुढं ठरत नाहीत, त्याचं? 'आम्ही वेडे नाही' ही घोषणा आपण दिली की तो माणूस घोषणेच्या बाहेर राहतो.

टॉम विगिन्सची हकीकत ऐका. १८४९ साली जॉर्जियात गुलामाच्या पोटी जन्मला. जन्मापासून आंधळा. वर्षाच्या आत आईबापासकट विकला गेला, बेथून नावाच्या वकिलाला. बोलणं तुटक, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचा, अंगाला झोके द्यायचा. आजचे जाणकार त्याला स्वमग्न म्हणतात. आणि पियानो? एकदा ऐकलेली चीज तो वाजवून दाखवायचा. दहा-अकरा वर्षांचा असताना, १८६० मध्ये, राष्ट्राध्यक्षापुढं वाजवली. मालकानं त्याला गावोगाव फिरवला. जाहिरातीत त्याला जनावराच्या जवळचा, अडाणी, वेडा असं लिहायचे, म्हणजे तिकिटं जास्त खपत. युद्ध संपून गुलामी गेली. टॉमची गेली नाही. १८६४ मध्येच मालकानं आईबापाकडून करारावर अंगठे घेऊन ठेवले होते. टॅब्स ग्रॉस नावाच्या एका काळ्या माणसानं टॉमचा ताबा मागितला, १८६५ मध्ये सिनसिनाटीत खटला झाला, कोर्टानं टॉम मालकाला दिला. पुढं त्याला कायद्यानं वेडा ठरवलं आणि मालकाचा पोरगा त्याचा पालक झाला. १९०८ मध्ये मरेपर्यंत टॉम त्याच घराण्याच्या हातात होता, आधी मालक, मग पोरगा, शेवटी पोराची बायको. कमाई लाखात.

लाखो काळे सुटले, तेव्हा एक माणूस वेडा म्हणून गुलाम राहिला. कायद्यानं दार उघडलं, मागच्या खोलीची कडी मात्र तशीच. टॉमच्या अंगात एवढी कला असून त्याला सोडवायला ती उपयोगी पडली नाही. कलेमुळंच तर त्याला कुणी सोडीना. म्हणून मी भावाची टेसनं कौतुकानं सांगतो तेव्हा तुम्ही सावध राहा. काही लोक ऐकून म्हणतात, "अरे, हा तर जिनियस!" आणि टेसनं नसती येत तर?

आता आपल्याकडं या. बुद्धी मोजायची पट्टी आपल्याकडंही आली. फ्रान्समधल्या बिने याची कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली. १९४० साली त्यावर त्यांचं पुस्तक निघालं. बिने-कामत कसोटी म्हणून ती नंतरही दशकानुदशकं वापरात राहिली. कामतांनी मेहनत केली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण धारवाडच्या शाळेतलं मराठी आणि झाडीपट्टीतलं मराठी यांत किती अंतर? आमच्या पोराला 'ण' म्हणता येत नाही, कारण आमच्या बोलीत तो नाहीच. पाणी नाही, पानी. लोणी नाही, लोनी. मास्तर त्याला मठ्ठ लिहितो.

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला. कॅलिफोर्नियात साठीच्या शेवटी शाळेतली काळी मुलं शंभरात नऊच्या आसपास, आणि मंदबुद्धीच्या वर्गात शंभरात सत्तावीस. १९७१ मध्ये आईबापांनी दावा लावला, १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी निकाल दिला की या बुद्ध्यांकाच्या कसोट्यांवरून काळ्या मुलांना त्या वर्गात घालता येणार नाही. मोठी लढाई होती, जिंकली. दुसरं टोक त्यानंतर दिसलं. २००२ साली फिलाडेल्फियाच्या गरीब कुटुंबांतल्या स्वमग्न मुलांचे कागद तपासले तर गोऱ्या मुलाचं निदान सरासरी सहा वर्षं तीन-चार महिन्यांत आणि काळ्या मुलाचं जवळपास आठव्या वर्षी. म्हणजे जिथं नको तिथं मंद शिक्का लवकर, जिथं मदत मिळेल असं नाव हवं तिथं उशीर. गोऱ्याचं पोरगं अस्वस्थ झालं की डॉक्टरकडं, काळ्याचं अस्वस्थ झालं की मुख्याध्यापकाकडं, पुढं पोलिसाकडं.

महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलत आहे. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. चांगली गोष्ट. पण त्यासाठी दाखला लागतो, दाखल्याची सोय आधी मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत होती. डिस्लेक्सियाचा सिनेमा २००७ मध्ये आला, त्यातलं पोरगंही बोर्डिंगात पाठवता येईल अशा घरचं. झाडीपट्टीतल्या आश्रमशाळेत चौथीत अक्षर न ओळखणारं पोरगं दिसलं तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. आदिवासीचं आहे, बौद्धाचं आहे, बाप पीत असेल, असं म्हणून मोकळे. आपली जात हेच निदान!

अजून एक गोष्ट आहे, आणि ती गोंदियाच्या पोरांनी तर कान देऊन ऐकावी. सिकलसेल.

१९१० साली शिकागोत हेरिक या डॉक्टरनं एका काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहिल्या. तो ग्रेनाडा बेटावरून दाताचा डॉक्टर व्हायला आला होता. पुढं पन्नास-साठ वर्षं अमेरिकेत हा काळ्यांचा रोग म्हणून दुर्लक्षात राहिला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की मध्य भारतातल्या महारांत हाच दोष सापडतो. गोंडांतही आहे. समुद्रापलीकडचा काळा आणि झाडीपट्टीतला महार, दोघांचं रक्त एकाच तऱ्हेनं वाकडं होतं. हे जातीनं नव्हे, मलेरियानं केलेलं आहे. ज्या मुलखात हिवताप पिढ्यानपिढ्या राहिला तिथं हा दोष टिकला, कारण एकाच बाजूनं आलेला दोष हिवतापापासून वाचवतो. दोन्हीकडून आला तर मारतो.

१९७१ मध्ये ब्लॅक पँथरनं आपल्या दवाखान्यांत फुकट सिकलसेल तपासणी सुरू केली. सरकारला लाज वाटून १९७२ मध्ये कायदा करावा लागला. आम्ही त्यांचं नाव घेतलं, त्यांची टोपी आणि मूठ घेतली. सुई घेतली नाही. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा पोरं हाडांच्या दुखण्यानं रडत होती, आणि आम्ही त्याला वात म्हणत होतो. तपासणीतही धोका असतो, हे खरं. लायनस पॉलिंग हा नोबेलवाला शास्त्रज्ञ १९६८ मध्ये म्हणाला की दोष असलेल्यांच्या कपाळावर खूण गोंदावी. गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू ज्यांच्या पूर्वजांनी वागवला, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या वधू-वर मेळाव्यात आज रिपोर्ट विचारतात, ते बरोबरच आहे. पण 'वाहक' निघालेल्या पोरीचं लग्न अडलं की तिच्या कपाळावर आपणच गोंदतो. दोघेही वाहक नसावेत, एवढंच बघायचं असतं.

हे मेंदूच्या लेखात कशाला, म्हणाल. विळ्यासारख्या पेशी मेंदूच्या नळ्यांतही अडकतात. अमेरिकेतल्या अभ्यासात असं दिसलं की सिकलसेलग्रस्त मुलांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांना विशीच्या आत पक्षाघात होतो. त्याहून कितीतरी जास्त मुलांच्या मेंदूत लहान लहान जागा मरतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. हात चालतो, पाय चालतो. फक्त गणित सुटत नाही, लक्ष लागत नाही, ऐकलेलं राहत नाही. आमच्या मोहल्ल्यातलं एक पोरगं तिसरीपर्यंत बरं होतं. चौथीत मागं पडलं. आळशी म्हणून मार खाल्ला, शाळेत आणि घरी. पाचवीत एका सकाळी तोंड वाकडं झालं, तेव्हा कुठं रक्त तपासलं. वर्षभर त्याचा मेंदू रक्तावाचून तडफडत होता आणि आम्ही त्याला म्हणत होतो, "अभ्यास कर, बाबासाहेब आठव." हायड्रॉक्सियुरियाची गोळी महाग नाही. वेळेवर दिली की त्रास बराच कमी होतो. मेंदूच्या नळ्यांची सोनोग्राफी करून धोका आधी ओळखता येतो, हे १९९२ पासून माहीत आहे. तालुक्याच्या गावाला ते यंत्र शोधा बरं.

बाबासाहेब आठव. मित्रांनो, इथं मला अडखळायला होतं. 'शिका' या शब्दानं आपण उभे राहिलो. माझी मास्तरकी त्याच शब्दाची. पण त्या शब्दाचं आपण काय केलं? घराघरात डिग्र्यांच्या फ्रेमा लागल्या आणि ज्याला दुसरी पास होता आलं नाही, तो मागच्या खोलीत गेला. ब्राह्मणानं आपल्याला बुद्धीवरून हीन ठरवलं. आपण उत्तर दिलं, आम्हीही बुद्धिमान आहोत. बुद्धीवरून माणूस मोजायची पट्टी मात्र त्याचीच ठेवली.

आपल्या धम्मात याचं उत्तर होतं, विहारात कुणी सांगितलं नाही. चूळपंथकाची गोष्ट. राजगृहाच्या सावकाराची पोरगी घरच्या दासाबरोबर पळून गेली, वाटेवर दोन पोरं झाली, म्हणून दोघंही पंथक. दासाची पोरं! थोरला महापंथक हुशार, भिक्खू झाला, अर्हत झाला. धाकट्याला त्यानंच संघात आणलं आणि एक गाथा पाठ करायला दिली. चार महिन्यांत झाली नाही. नवी ओळ आली की जुनी जायची. थोरला म्हणाला, तुझ्यानं होणार नाही, विहार सोड. जीवक वैद्यानं संघाला जेवायला बोलावलं तेव्हा यादी करणारा हाच थोरला. त्यानं धाकट्याचं नाव यादीत घेतलं नाही. धाकटा पहाटे निघून चालला होता. बुद्ध दारात भेटले. त्यांनी त्याला गाथा दिली नाही. एक पांढरं फडकं दिलं, उन्हात बसून हातानं चोळत राहा म्हणाले. फडकं मळत गेलं, आणि त्या मळत्या फडक्यात त्याला अनित्य दिसलं. तिकडं जीवकाच्या घरी बुद्धांनी पात्रावर हात ठेवला. विहारात अजून भिक्खू आहे, तो आल्याशिवाय जेवण नाही.

ही गोष्ट मी पन्नाशीत वाचली. ग्रंथ धाकट्याचा मोठेपणा सांगतो. मी त्या रात्री थोरल्याबद्दलच विचार करत बसलो. तो वाईट नव्हता. अर्हत होता! यादी करत होता फक्त.

कायद्यांबद्दल थोडक्यात सांगतो. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, सिकलसेलही आहे. मात्र नोकरीतल्या राखीव जागांत सिकलसेल नाही. जातीचा दाखला एका हपिसात, दिव्यांगाचा दुसऱ्या, आणि दोन्हीकडचा साहेब विचारतो, "एक सवलत आहे ना, दुसरी कशाला?" आपल्या कार्यकर्त्यांनी हे दोन्ही दाखले काढून द्यायला शिकलं पाहिजे. रमाई घरकुलाचा फॉर्म आपण झोपेतही भरतो, हा का नाही?

माय मात्र आमच्यापेक्षा पुढं होती. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. ते पडले, हे तिनं आयुष्यभर मनाला लावून घेतलं. भाऊ मतदानाच्या वयाचा झाल्यावर दर निवडणुकीला ती त्याचा हात धरून केंद्रावर न्यायची. लोक हसायचे. मी एकदा म्हणालो, "माय, त्याले का कळते?" ती म्हणाली, "बाबासायबानं मत त्याले बी देलन. तू कोन गा काढनारा?"

घटनेच्या ३२६ व्या कलमात वेडसरपणामुळं मत काढता येतं, हे तिला माहीत नव्हतं. कोर्टानं ठरवल्याशिवाय ते काढता येत नाही, हे मला माहीत नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत देशात शंभरात २.२१ माणसं अपंग लिहिली गेली. अनुसूचित जातींत २.४५. आपल्यात जास्त. आणि हे जेवढे सांगितले गेले तेवढेच. येत्या जनगणनेत जात विचारणार, असं सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा आपल्या लोकांनी पेढे वाटले. मला २००१ चा फेब्रुवारी आठवला.

मास्तर म्हणून मी प्रगणक होतो. आमचाच मोहल्ला माझ्या वाट्याला आला होता. शेवटी माझ्या घराचा फॉर्म भरायला ओसरीवर बसलो. अपंगत्वाचा रकाना आला. त्यात पाच प्रकार होते, पाचवा मानसिक. भाऊ चाळिशीचा झाला होता, मायजवळ बसून बिड्या मोजत होता. मायनं विचारलं, "याचं का लिवलं?" मी म्हणालो, "लिवलं." रकाना कोरा होता. फॉर्म तालुक्याला गेला.